कारणाचा रकाना

"काढा! माझ्या लेकीचं नाव काढा त्या डब्यातून! आत्ताच्या आत्ता काढा!"

वारंगा फाट्याहून पहिल्या एसटीनं आलेली ती बाई माझ्या कॉम्प्युटर सेंटरच्या दारात उभी राहून ओरडत होती, आणि हिंगोलीचा अख्खा मोंढा हळदीचा लिलाव सोडून माझ्याकडं बघून राहिला होता. लिलाव थांबला नसेलही. मला तसं वाटलं.

"माय, बसा तर. पाणी घ्या."

"पाणी प्यायला आले का मी? आमच्या घरात काय न्हाई ते जगाला दाखवता व्हय?"

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. माझ्याकडं कॉम्प्युटर दोन, पण मी बारा सांगायचो. मोडेम लावला की असा किंचाळायचा, की डेपोतली माणसं गाडी लागली समजून पिशव्या उचलायची. कीबोर्ड हळदीच्या धुरळ्यानं इतके पिवळे पडले होते, की वजनावर विकले असते तर चांगला भाव आला असता. अशा माणसाकडं गुर्जी आले, हीच त्यांची चूक.

गुर्जी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. गावोगावच्या लेकरांना वह्या, गणवेश, सायकली मिळवून द्यायचे. देणारी मंडळी आपल्याकडचीच, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली. गुर्जींची एक रीत होती. मदत म्हणून ते कधीच काही द्यायचे न्हाईत, बक्षीस म्हणून द्यायचे. गणवेश फाटलेलं पोरगं धावण्यात पहिलं यायचं, पायात चप्पल नसलेली पोरगी रांगोळीत. तालुक्यात लेकरं कमी अन पहिले नंबर जास्त, असा सगळा प्रकार. खरं कारण गुर्जींच्या खिशातल्या वहीत असायचं.

पुढं देणारे म्हणाले, आपलं दान कुठं जातं ते दिसलं पाहिजे. मी छाती ठोकली. "गुर्जी, असा तक्ता टाकतो इंटरनेटवर, अमेरिकेचा अध्यक्ष सकाळच्या चहाबरोबर वाचंल!" रकाने पाडले. नाव, गाव, शाळा, वस्तू, कारण.

"कारण आपल्यापुरतं ठेव बरं का," गुर्जी म्हणाले.

"एक रकाना झाकला की लोक म्हणतात, हितंच काहीतरी शिजून राहिलं."

वही देताना त्यांनी ती क्षणभर सोडलीच न्हाई. मी ओढून घेतली असं म्हणणार न्हाई. सोडवून घेतली.

देणारे खूश झाले. माझे पाय जमिनीला लागेनात. वारंगा फाट्याकडच्या एका शाळेत नवा कॉम्प्युटर आला, तर आमंत्रण नसताना मी गेलो. तिथं इंटरनेट नव्हतं, म्हणून सगळी पानं सीडीवर घालून नेली. आठवीचा वर्ग भोवती गोळा केला आणि विचारलं, "कोणाचं नाव जगात गेलं, बघायचं का?"

एक पोरगी सगळ्यांना ढकलत पुढं आली. निबंधात पहिली आली म्हणून तिला सायकल मिळाली होती. तिची घंटी ऐकून औंढ्याचे पुजारी आरतीला धावत सुटतात, असं तिचे मास्तर मला सांगत होते, म्हणजे फेकण्यात तेही माझ्यासारखेच. तिनं एका बोटानं आपलं नाव टाइप केलं. सापडलं. वर्गाला ऐकू जाईल अशा ठणठणीत आवाजात ती वाचू लागली. नाव. गाव. शाळा. सायकल. आणि त्याच आवाजात पुढं, "कारण. वडील घर सोडून गेले. आई मजुरी करते. अत्यंत गरिबी."

वाचून झाल्यावर तिला ते कळलं. मागं कोणीतरी हसलं. एकच जण हसला. इथं मी काही वाढवून सांगत न्हाई.

गुर्जी त्या शाळेच्याच गावात राहायचे; त्या संध्याकाळी तिनं सायकल त्यांच्या दाराला टेकवून ठेवली आणि ती चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिची आई माझ्या दारात.

आईच्या देखत मी पोरीचं नाव काढलं, आणि सगळ्यांच्या कारणाचा रकानाच पुसून टाकला. दोन मिनिटांचं काम. पुढं देणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं न्हाई, की तो रकाना कुठं गेला. बहुतेक त्यांनी तो वाचलाच नव्हता. ज्यांनी वाचू नये, त्यांच्यापुढं मी तो स्वतः नेऊन ठेवला होता.

गुर्जी दोन शिव्या देते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त वही परत मागितली. त्या साली स्पर्धाच घेतल्या न्हाईत. आता कुठलं लेकरू बक्षीस घ्यायला हसत पुढं येणार होतं?

रविवारी मी गुर्जींच्या दारातली सायकल एसटीच्या टपावर टाकून त्या पोरीच्या घरी गेलो. ती अंगणात शाळेचा गणवेश धूत होती.

"पोरी, सगळं काढलं. आता जगात कुठंच न्हाई ते."

तिनं गणवेशाच्या बाहीला आणखी साबण लावला.

"सायकल घे. शाळा लांब हाय. अन तुझा निबंध खरंच पहिला आला होता, मी गुर्जींना विचारून आलो."

विचारलं नव्हतं.

तिनं गणवेश पिळला, झटकला, दोरीवर टाकला.

"स्पर्धेत निबंध मी एकटीनंच दिला होता, काका," ती म्हणाली.