युरियासोबतची बाटली

अड्याळच्या बाजारात खताचं दुकान चालवणारा तो माणूस फार हळू बोलायचा. दुकानात पाय ठेवला की आधी विचारायचा, "काकाजी, पऱ्हे कसे आहेत?" आणि धानाच्या रोपांची सगळी हकीकत संपेपर्यंत मान हलवत ऐकायचा. मग त्याच गोड आवाजात युरियाच्या पोत्यासोबत कुठल्याशा द्रवखताची महागडी बाटली पुढे सरकवायचा. बाटली नको म्हटलं की युरिया संपलेला असायचा. अशी सक्ती करता येत नाही हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, पण शेताच्या बांधीत धान पिवळं पडत असताना भांडणार कोण?

यंदा आम्ही रांगेत उभे असताना कृषी खात्याचे साहेब अचानक तपासणीला आले. त्यांनी आम्हांला विचारलं, "बाटली घेण्याची सक्ती होते का?"

रांगेतला पुढचा माणूस मान खाली घालून नोटा मोजू लागला.

तेवढ्यात दुकानदारच म्हणाला, "होते साहेब. मीच करतो. कंपनी मले बाटल्यांशिवाय युरिया देत नाही, म्हणून मी यायच्या गळ्यात मारतो. लिहून घ्या."

मी हादरलोच. साहेबांनी वही उघडून लिहून घेतलं.

दुकानाला सील लागलं आणि साहेबांची गाडी निघून गेली. तसा रांगेतला एक म्हातारा ओरडला, "काहून बोललास बे? आता युरिया कोन देईल आमाले?"

बाटली गळ्यात मारताना त्याला आजवर कोणी शिवी दिली नव्हती. आता लोकांनी त्याची कॉलर धरली. त्यानं सोडवून घेतली नाही. एवढंच म्हणाला, "मलेबी आता कोनी देनार नाही, काकाजी."