सॅम्पल फ्लॅटची मालकीण

ठकीनं शेठच्या चहात काहीतरी घातलं, ही कुजबुज बोईसरजवळच्या सालवडच्या चाळींना सहा महिने पुरली. अर्ध्या कपाच्या वर कुणाकडे चहा न घेणारा बिल्डर तिच्या हातचे तीन कप पितो काय, आणि तिसऱ्या कपाला सजवलेला फ्लॅट तिला द्यायला राजी होतो काय! सोजराबाईनं तर ती वशीकरणाची मुळी कोणती आणि कुठल्या डोंगरावरून आणली, इथपर्यंत शोध लावला होता. ठकी तिच्याच खोलीत भाड्यानं राहायची. भाडेकरू हातची जाणार म्हटल्यावर शोध लागतातच.

ठकी विक्रमगडकडच्या पाड्यावरची. नवरा नवशा तारापूरच्या सूत कारखान्यात कायम झालेला, आणि ती नव्या कॉम्प्लेक्समधल्या सॅम्पल फ्लॅटची झाडलोट करायची. सॅम्पल फ्लॅट म्हणजे बिल्डरनं नवरीसारखा नटवलेला एक फ्लॅट; तो बघून माणसं बाकीचे विकत घेतात. सेल्समन दर्पणनं तिला एक प्रश्नही न विचारता कामावर घेतलं. दारातून आत येताना नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "उद्यापासून या."

का, ते आठवड्याभरात कळलं. गिऱ्हाईक आलं की दर्पणची हाक ठरलेली, "ठकीबाई, चहा घेऊन जरा दारातच थांबा हं." ती थांबली की दार उंच दिसे, हॉल ऐसपैस दिसे. उरलेली लबाडी सुताराची. सोफा, टेबल, पलंग, सगळं त्यानं मापाला आखूड केलं होतं. खोली मोठी वाटावी म्हणून.

ठकीला मात्र त्यात लबाडी दिसलीच नाही. पहिल्याच दुपारी ती भीत भीत सोफ्यावर टेकली, आणि तिचे दोन्ही पाय जमिनीला लागले. बँकेत, एसटीत, सोजराबाईच्या खुर्चीत, जन्मभर तिचे पाय लोंबकळत आले होते. ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

रात्री नवशाला म्हणाली, "घर घेयाचा तं ह्योच."

"आनि केळव्याचा समुद्र नको? तो पन सांग बांधून द्यायला."

नवशा हसला, पण पगाराचे कागद घेऊन बँकेत तोच गेला. कर्ज मंजूर झालं, पत्र आलं. पण बुलेट ट्रेनचं स्टेशन होणार या बोलीवर बोईसरचे भाव रोज एक पायरी चढत होते, आणि पत्रातला आकडा खालीच उभा होता. वर त्या पत्राला मुदत. महिनाअखेर आली तरी ठकीला परवडेल असं दार सापडेना. इकडे कॉम्प्लेक्समधले सगळे फ्लॅट विकले गेले. उरला फक्त सॅम्पल.

तो घ्यायला कांदिवलीहून चंद्रभान नावाचे गृहस्थ आले. शनिवार-रविवार केळव्याला समुद्रावर जायचं, तर मुक्कामाला तयार घर हवं, असा बेत. माणूस भला, पण वाढलेला माडासारखा. हॉल आवडला, ओटा आवडला. दर्पणनं पावतीपुस्तक उघडलं. ठकी कपबश्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "काय बाई, पलंग कसा आहे?"

"लय झ्याक," ठकी म्हणाली. "मी रोज दुपारी तेच्यावरच पडते. तुमी पन पडून बगा ना."

"अहो साहेब, चादर आत्ताच धुतलीय..." दर्पण धावला. पण साहेब पडले होते. डोकं उशीवर, आणि पोटऱ्यांपासून पुढचा सगळा ऐवज हवेत.

ते तसेच पडल्या पडल्या एकदा आपल्या पायांकडे, एकदा ठकीकडे आणि मग दर्पणकडे बघत राहिले. "खोली मोठी नाही रे लेका," ते उठत म्हणाले, "सामान बारकं आहे!"

गावभर झालं. पुढची तीन गिऱ्हाइकं तर स्वयंपाकघर बघायच्या आधीच पलंगावर आडवी झाली. सामान काढलं तर खोली खरी दिसे, ठेवलं तर सामान खरं दिसे. शेठला कॉम्प्लेक्सचा हिशेब मिटवून पालघरला नवं काम काढायचं होतं. तो डोकं धरून त्या आखूड सोफ्यावर बसला, गुडघे छातीशी.

ठकीनं चहा ठेवला आणि शेजारी बँकेचं पत्र. मुदतीचे चार दिवस उरले होते.

"शेठ, मी घेते. सामानासकट."

"तू?" शेठनं कप उचलला. आकडा वाचून म्हणाला, "एवढ्यात? वेडी का काय!"

"वर आमची भिशी. तेच्या वर नाय."

"सामानाचे तरी दे."

"सामान दुसऱ्या कुनाला बसतंय, सांगा. मी चहा आनते."

दुसरा कप रागात संपला. तिसरा पिता पिता शेठ हसायला लागला आणि दर्पणला म्हणाला, "कागद कर. ही तुझ्या जागी असती तर सहा महिने आधीच सगळे फ्लॅट विकले असते."

वास्तूला सालवड लोटली. नवशा पाहुण्यांना ऐटीत सांगत होता, "पलंग तिचा, जमीन माझी." सोजराबाई सोफ्यावर बसली, तिचे गुडघे हनुवटीला भिडले. तिनं चहा हुंगला, बशीत ओतला, पुन्हा हुंगला.

"ठके, खरं सांग गो. काय घातलंस?"

त्याच सोफ्यावर शेजारी ठकी पाय जमिनीला टेकवून, पाठ ताठ करून बसली होती. "अजून एक कप घेते का?" ती म्हणाली.

चहात आलं आणि साखर होती. पलंग पावणेपाच फूट लांब होता, आणि ठकी साडेचार फूट उंच.