व्याह्यांचा कूलर

माझ्या लग्नात आत्यानं मंगलाष्टक म्हटलं आणि ते कोणालाही ऐकू आलं नाही. भाड्यानं आणलेला भोंगा पहिल्याच कडव्याला खरखरला आणि गप्प झाला. आमच्याकडे मंगलाष्टकं घरच्याच बाया रचतात. मामा, मावशा, जावई, सगळ्यांची नावं कडव्यांत ओवायची असतात, आणि एखादं राहिलं तर ते घर पुढची चार लग्नं तोंड फुगवून बसतं. आत्यानं त्यासाठी दोन महिने खपून कागद भरला होता. पुढची सव्वीस वर्षं, मी तिच्याकडे गेलो की चहाचा कप हातात द्यायच्या आधी ती म्हणायची, "तुह्या लग्नात माह्यं कोणी आयकलं नाई."

म्हणून मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी आत्याला शब्द देऊन बसलो. या वेळी शेवटच्या खुर्चीपर्यंत तुझं ऐकू जाईल, आणि तेही मी स्वतः बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर. तिचा आवाज तोवर धुवून धुवून विरलेल्या लुगड्यासारखा झाला होता. तिनं फक्त विचारलं, "नक्की ना?"

मी आर्णीत सरकारी कार्यालयात कारकून आहे. घरी आल्यावर मात्र मी वायरी डाखायचं सोल्डरिंग आयर्न तापवतो आणि कोणाचं ऐकत नाही. अ‍ॅम्प्लिफायर बनवणं अवघड नाहीच. तो थंड ठेवणं अवघड. आतले ट्रान्झिस्टर तापतात, ती उष्णता ओढून हवेत सोडायला त्यांच्या पाठीशी पात्यापात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा लावतात, त्याला हीटसिंक म्हणतात. तो केवढा घ्यायचा याचं गणित पुस्तकात असतं. पण ते गणित पंचवीस अंशांच्या खोलीत सोडवलेलं असतं. अशी खोली मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात कुठे आहे, ते मला कोणीतरी दाखवावं.

पहिला हीटसिंक मी सरकत्या खिडक्या बनवणाऱ्याकडच्या उरलेल्या पट्टीतून कापला. दिसायला देखणा होता. गाणं लावून अर्धा तास झाला तेव्हा बायको आली, आणि तव्यावर मारतात तसा पाण्याचा हबका तिनं त्यावर मारला. चर्र झालं.

"भाकर टाकू का?" ती म्हणाली.

मी इतका चिडलो की काय बोललो ते इथे लिहीत नाही. विजेच्या वस्तूवर पाणी! पण तवा तापला होता हे खरंच होतं.

दुसरा हीटसिंक भंगारवाल्याकडे मिळाला, मोडक्या इन्व्हर्टरमधला, चांगला विटेएवढा जड. तो मी डब्याच्या मागे आडवा बसवला, कारण आडवा शोभत होता. पातीही आडवी झाली. बायकोनं तेही पाहिलं. "चुलीचा धूर वर जाते का आडवा जाते?" एवढंच विचारून ती तूर निवडायला गेली. मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप हीटसिंक उभा केला. कॉम्प्युटरचा जुना पंखाही मागे जोडला. आता हीटसिंकवर बोट ठेवून दहापर्यंत सावकाश मोजता येत होतं. आमची परीक्षा तीच. पाचच्या आत बोट उचलावं लागलं तर धडगत नाही.

लग्न दुपारचं होतं. मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात मशीन मांडलं, माईक लांब स्टेजवर. आत्या उठायच्या आधीच मोजणी चारवर आली. तो चिमुकला पंखा मांडवातली गरम हवाच फिरवत होता. शेजारी वरपक्षासाठी मोठा कूलर लावलेला होता. मी त्याचा पाण्याचा पंप बंद केला, कारण ओली हवा मशीनला चालत नाही, आणि कूलरचं तोंड व्याह्यांकडून वळवून हीटसिंककडे केलं.

मुकुटबनचे व्याही ताडकन उठून आले. "काहो इवाई, डबड्याले हवा अन् आम्हाले घाम?"

"आत्याच्या मंगलाष्टकात तुमच्या घराण्याचं कडवं हाये," मी म्हणालो. "शेवटचं. कूलर फिरवला तं मशीन तिथपर्यंत टिकत नाई."

व्याह्यांनी खुर्ची ओढली. मग ते कूलरशेजारीच बसले. आत्या सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला नवरदेवाचा काका कूलर फिरवायला आला, तर व्याही त्याच्यावर खेकसले, "हात लावू नको! आपलं कडवं यायचं हाये!"

मी बोट ठेवून मोजत होतो. पाच. सहा. मशीन टिकलं. शेवटच्या रांगेतल्या बाया माना डोलावत होत्या, नाव आलं की एकमेकींना कोपर मारत होत्या. शेवटी व्याही छाती काढून उभे राहिले, त्यावरून त्यांचं कडवं आल्याचं मला कळलं. कारण कूलरच्या घरघरीत मला एक शब्दही ऐकू येत नव्हता. मी नुसते आत्याचे ओठ पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगल्यावर आत्या बाजेवर बसली होती. मी चहा घेऊन गेलो.

"आयकलं का रे?"

"आयकलं नं! साऱ्यायनं आयकलं."

"तुह्यं कडवं कसं वाटलं?"

"एकदम झकास," मी म्हणालो.

"तुह्यं कडवं मी म्हटलंच नाई, बापा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू त्या कूलरपाशी बसून माह्या तोंडाकडं पाहून राह्यला होता. म्हटलं, याले कायी आयकू जाऊन नाई राह्यलं. मंग राखून ठेवलं." तिनं बटव्यातून घडी घातलेला कागद काढला, डोळ्यांपासून लांब धरला. "आता बस. आयक."

तिनं पहिली ओळ धरली. आवाज अगदी बारीक होता, आणि वर छताचा पंखा खटखट करत होता. बाहेर उन्हानं रस्ता ओस पडला होता. मी उठलो आणि पंखा बंद केला.