उतारावरचं दहावं घर

मंगळवार, १२ मार्च. सकाळी अकराला नळयोजनेचे साहेब टेप घेऊन आले. ऊन फार. विहिरीत गाळ तेवढा उरला आहे.

आमच्या उतारावर नऊ घरं, आणि नऊही माझ्या धाकट्या दिरांनी बांधलेली. पन्नास वर्षं गवंडीकाम केलं त्यांनी. इथे जो तो आपल्या रानाच्या मधोमध राहतो. पीक नजरेसमोर राहतं आणि शेजाऱ्याशी भांडायचं तर लांबून ओरडावं लागतं. योजनेला मात्र दहा घरं हवी होती, आणि नवं घर शेजारच्या घरापासून दोनशे मीटरच्या आत. नोटीस मीच वाचून दाखवली. पाणी आलं नाही तर दोन कुटुंबं खाली हमरस्त्याला जाणार होती, मग उरलेले तरी किती दिवस राहणार?

भाऊजींनी स्वतःचा गोठा पाडला. त्याच दगडांत, एकहाती, चार महिन्यांत खालच्या रानात दहावं घर उभं केलं आणि अंथरूण घेऊन तिकडे राहायलाही गेले.

"सत्तरीत वेगळं बिऱ्हाड!" माझी जाऊ म्हणाली. "सवत तरी दाखवा."

"नळ येऊ दे, मग दोघींना पाणी भरायला लावतो."

आज साहेबांनी टेप लावली. तीनशे दहा मीटर.

"छे! दीडशे आहे. दोरीने तीनदा मोजलंय."

"कुठून मोजलंत?"

"शेजाऱ्याच्या बांधापासून."

"भिंतीपासून मोजायचं असतं, बाबा."

आमच्याकडे शेजार बांधाला सुरू होतो. मीही तसंच धरून चालले. एवढी शिकलेली मी, पण विचारावंसं वाटलं नाही.

"यादी आज बंद होते," साहेब हळूच म्हणाले.

"घर हलवतो ना मी. आठ दिवस द्या."

साहेबांनी टेप गुंडाळली. भाऊजींनी पहार घेतली आणि कोपऱ्याचा दगड उचकटायला लागले. तिसऱ्या दगडाला पहार सुटली, ते मातीतच बसले. साहेब मान खाली घालून निघून गेले. मी हाक मारली तशी जाऊ गुडघे धरत आली.

"चला घरी."

"कोणत्या?"

ती त्यांच्या धोतरावरची माती झटकत राहिली. दुपारी हमरस्त्याला जाणाऱ्या दोन कुटुंबांपैकी वरच्या घरातून खाटा बाहेर निघाल्या.

संध्याकाळी: हंड्यात तीन तांबे पाणी. भांडी राखेने घासून तशीच पुसून ठेवली.