आतल्या बाजूचा चिमटा

मी खोटे बोललो आणि त्यामुळे एका माणसाची नोकरी गेली. हे एवढेसे वाक्य लिहायला मला जवळजवळ तीस वर्षे लागली. माझ्या पत्नीलाही यातले काही ठाऊक नव्हते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षे. परळच्या एका प्रयोगशाळेत मी नुकताच साहाय्यक म्हणून लागलो होतो आणि भोईवाड्यात खोली घेऊन राहत होतो. आमचे काम पांढऱ्या उंदरांवर चाले. उंदराला भूल द्यायची, मांडीतून पावलाकडे जाणारा मोठा मज्जातंतू चिमट्याने दाबून ठेचायचा, जखम शिवायची. मग जखम सुकली, की रोज पावलाला बारीक चिमटा काढायचा. उंदराने पाय ओढला, की संवेदना परतली. ठेचलेला तंतू पुन्हा वाढत बोटांपर्यंत किती दिवसांत पोचतो, याचे कोष्टक आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, माझ्याकडे सोपवले होते.

उंदीर धरायचे काम आमच्या शिपायाचे; त्यांना सगळे मामा म्हणत. पिंजरे, दाणापाणी, साफसफाई हेही त्यांच्याकडेच. मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला. गिरणीत असताना मनगटाला यंत्राचा पट्टा लागला आणि त्यांची करंगळी कायमची बधिर झाली. शेजारचे बोट अर्धे मेलेले, अर्धे जिवंत. गिरणीने काढून टाकल्यावर हे काम मिळालेले. उंदराला फडक्यात गुंडाळून ते मांडीवर उताणा घेत आणि म्हणत, “गप रव मेल्या, सायब फक्त विचारतत.” त्यांच्या हातात उंदीर खरोखरच गप्प राही.

माझ्या कोष्टकात संवेदना फार लवकर परतू लागली. तीन आठवडे लागावेत असा सरांचा अंदाज. माझे उंदीर आठवड्यातच पाय ओढत. सरांना आनंद झाला आणि मला त्याहून जास्त.

एके दुपारी मामांनी उंदीर फडक्यातून सोडलाच नाही. म्हणाले, “सायब, रागावणार नसाल तर एक सांगू?”

“बोला ना.”

“तुम्ही आतल्या बाजूला चिमटा घेता. उताणा धरला की तीच बाजू तुमच्या हाताशी येते. तिथे हा पहिल्या दिवसापासून पाय ओढतो. बाहेरच्या बोटाला घेऊन बघा.”

मी घेतला. उंदीर हललाही नाही.

मामांनी स्वतःचा पंजा पुढे केला. “ही करंगळी मेली. विडीचा चटका बसला तर वासानं कळतं. आणि हा अंगठा बघा, टाचणी लावा, बोंब मारीन. एका हातात दोन माणसं आहेत, सायब. उंदराच्या पायातपण असतील.”

ते बरोबर होते. पावलाच्या आतल्या कडेला दुसऱ्याच एका तंतूची शाखा येते. तिला आम्ही हातही लावलेला नव्हता. पुस्तकात हे होते आणि मी ते वाचले होते. पण पुन्हा सुरुवात करायची म्हणजे दोन महिन्यांचे काम पाण्यात. मी म्हणालो, “बघू, मामा.” कोष्टक होते तसेच सरांच्या टेबलावर ठेवले.

त्याच सुमारास एके दिवशी शहरात कडकडीत हरताळ झाला आणि चळवळीचा मोर्चा निघाला. मामा चळवळीचे पक्के. घराच्या दारावर त्यांनी खडूने घोषणा लिहिली होती. तरीही त्या दिवशी ते लालबागहून गल्लीबोळांतून चालत आले, कारण उंदरांना पाणी कोण देणार? मीही भोईवाड्याहून आलो होतो. सर गिरगावात अडकलेले. इमारतीत आम्ही दोघेच. मिळून आम्ही पाणी भरले. जाताना मामा हसत म्हणाले, “आता चाळीत गेल्यावर ऐका आमचं कौतुक. म्हणतील, उंदरांचो पुढारी इलो रे! मोर्चाक येवंक नको ह्येका!”

पुढच्या महिन्यात सरांनी चिमटा स्वतःच्या हातात घेतला. ते बाहेरचे बोट धरत. तंतू ठेचून आठवडा झालेला उंदीर, काही नाही. दहा दिवस झालेला, काही नाही. त्यांनी कोष्टक माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, “हे आकडे आले कुठून?”

चुकलो, एवढेच म्हणायचे होते. त्याऐवजी मी म्हणालो, “हरताळाच्या सुमारास पिंजऱ्यांवरची तारखांची कार्डं बदलली गेली असावीत, सर. जुने उंदीर नव्यांत गेले असतील. त्या दिवशी मामा आले नव्हते. दुसऱ्या दिवशी घाईत पिंजरे धुतले.”

मामांना बोलावण्यात आले. त्यांनी सगळे ऐकले आणि माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटका झाल्यासारखा भाव होता, कारण साक्षीदार समोरच उभा होता. “सायब, सांगा ना. आपण दोघांनीच पाणी भरलं की नाही?”

मी म्हणालो, “मला पाहिल्याचं आठवत नाही.”

पिंजऱ्यांच्या खोलीत जाऊन मामांनी ते फडके धुतले, दोरीवर टाकले आणि निघून गेले. मोर्चाला न गेल्याबद्दल चाळीने त्यांना टोचले होते. आता मोर्चाला गेले असे ठरवून प्रयोगशाळेने काढले. दोन्हीकडून फसलेला तो माणूस माझ्या बिऱ्हाडापासून अर्ध्या तासाच्या चालीवर राहत होता. त्या रस्त्याने मी पुन्हा कधी गेलो नाही.

गेल्या वर्षी मधुमेहाने माझे पाय बधिर होऊ लागले. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. पावलावर टाचणी टेकवत ते विचारत होते, “समजतं का?” मी “हो” म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, “मी अजून टोचलेलंच नाही.”

त्याच आठवड्यात मी लालबागला गेलो. चाळ तीच. मामा गॅलरीत स्टुलावर बसलेले, पाठ वाकलेली. त्यांनी मला लगेच ओळखले. मी वाकून हळू आवाजात बोलू लागलो, तसे त्यांनी हात वर केला.

“माका नको सांगू. माका म्हायती आसा.” मग दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या आपल्या पत्नीकडे बोट दाखवले. “हिका सांग. मी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, शिकलेलो माणूस खोटा कशाक बोलात? तुमच्याच मेलेल्या हातातून कार्डां पडली असतली. तेव्हापासून हिचा म्हणणा ताच आसा.”

एकेकाळी ते मला सायब म्हणत. आता त्यांच्या तोंडून माझ्यासाठी एकेरी शब्द आला. तेवढाच माझा हक्क होता.

मी तिच्यासमोर बसलो आणि पुटपुटलो. तिने मामांकडे पाहिले. “काय म्हणतत ह्ये?”

“मोठ्यान सांग,” मामा म्हणाले. “तिका कमी ऐकाक येता.”

आयुष्यभर मी हळू बोलत आलो. लोक त्याला नम्रता म्हणत. त्या दुपारी मी ओरडलो. शेजारच्या दोन दारांतून माणसे बाहेर आली, तरी थांबलो नाही.

“त्या दिवशी हे आले होते! माझ्यासमोर पाणी भरलं यांनी! कार्डं यांच्या हातून पडली नाहीत. चिमटा मी चुकीच्या जागी घेत होतो, आणि ते यांनीच मला दाखवलं होतं. खोटं मी बोललो, काकी. यांची नोकरी मी घालवली. तुम्हा दोघांची मी क्षमा मागतो.”