मामांची पाठ आणि माझी पीएचडी

परीक्षकांना मी चुकीचा ध्वनी जोडलेली फिल्म पाठवली. पण त्याआधी मामांविषयी सांगायला हवं, कारण चूक माझी असली तरी आवाज त्यांचा होता.

बायकोचे हे मामा म्हणजे सिनेमाला संगीत देणारा आणि सिनेमाच न पाहणारा काशीतला एकमेव माणूस. दिग्दर्शक आणि संगीतकार मिळून काम कसं करतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. फिल्म मी करायची, संगीत मामांनी द्यायचं आणि त्या सहकार्यावर मी प्रबंध लिहायचा, असं ठरलेलं. मंगळागौरीच्या देवळाजवळच्या त्यांच्या खोलीत मी लॅपटॉपवर फिल्म लावली की मामा तिच्याकडे पाठ करून बसत. डोळे उघडे ठेवले की कान सुट्टीवर जातात, हे त्यांचं शास्त्र. चित्रीकरणात वल्ह्याची लय चुकली म्हणून शिंदे घाटावरच्या नावाड्याला त्यांनी इतक्या खेपा मारायला लावल्या, की तो शेवटी पलीकडच्या काठालाच थांबला. गल्लीत मागून भोंगा वाजला तर मामा बाजूला होत नसत, उभे राहून त्याचा स्वर ओळखत. मग स्कूटरवाला वरच्या पट्टीत त्यांच्या कुळाचा उद्धार करी.

आमचं सहकार्य म्हणजे भांडण. मला प्रत्येक दृश्यावर सतार हवी, मामांना होती तीही काढायची.

"अरे, वल्हं बोलतंय ना, मग तू चूप बस की जरा."

"मामा, लोक झोपतील."

"झोपू देत. त्यात वल्ह्याची काय गलती?"

तानपुऱ्यासाठी लावलेला माइक चालूच राहिला होता. खोलीतलं हे भांडण आणि मागे चाललेल्या फिल्मचा आवाज, दोन्ही त्यात उतरलं. पुढे मी हट्टाने सतार घातलीच, पण मुदतीच्या दिवशी घाईघाईत फिल्मला जोडलं ते भांडण.

हे मला कळलं ते तोंडी परीक्षेत, संगीतकार म्हणून बोलावलेल्या मामांच्या शेजारी बसल्यावर. मुदतवाढ संपलेली, पदवी हुकली असती तर विद्यापीठातली नोकरीही गेली असती. पडद्यावर संथ गंगा, आणि तिच्यावर आम्ही दोघं एकमेकांची अक्कल काढतोय. खुर्चीखाली माणूस मावतो का, ते मी पाहून घेतलं. परीक्षकांतल्या एक बाई नागपूरच्या, त्यांना तर शब्दन्‌शब्द कळत होता. मग भांडण थांबलं. नुसतं वल्हं आणि पाणी. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मामांनी डोळे मिटले होते. इतक्या महिन्यांत मी ते वल्हं कधी ऐकलंच नव्हतं.

दिवे लागल्यावर बाई म्हणाल्या की प्रबंधात सहकार्याचा मागमूस नाही, ते सगळं इथे आहे. यावर एक प्रकरण नव्याने लिहा, पदवीला आमची हरकत नाही. सतारीची फिल्म कुणी मागितली नाही, मीही विषय काढला नाही.

"आणि ती शेवटची शांतता," बाईंनी उठता उठता विचारलं, "तो निर्णय कुणाचा?"

"दोघांचा," मी म्हणालो. "खूप विचार करून घेतलेला."

"याचा नाही हो, बाई," मामा म्हणाले. "हा तेव्हा रुसून चहा प्यायला गेला होता."