क्लच न दाबता बनारस

नागपूर सोडलं तेव्हा मस्त थंडी होती आणि माझं डोकं मात्र तापलेलं. कारण काय, तर आमच्या गाडीचं नवं मॉडेल. आमची गाडी म्हणजे मधल्या आकाराची मोटरसायकल. वळणावर पळते झकास आणि दोन बॅगा लटकवून दिवसभर चालवली तरी पाठ मोडत नाही. नऊ वर्षं माझ्याकडे आहे. तिला कुणी नावं ठेवली तर मला घरच्या माणसाला ठेवल्यासारखं लागतं.

कंपनीने तिचा चेहरा बदलला, पुढची काच उंच केली, इथवर ठीक होतं. पण क्लचचं काम गाडीवरच सोपवलं! डाव्या हाताला लिव्हर आहे, पण तो दाबायची गरज नाही. पायाने गिअर टाका, बाकीचं ती बघेल. अरे बाप्पा, मग आम्ही कशाला बसायचं वर? आमच्या रायडर मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, की हा प्रकार कसा वाटतो. मी लगेच लिहून टाकलं, "ज्याला क्लच जमत नाही त्याने सायकलरिक्षा करावी." भराभर अंगठे आले. दिवसभर मी ते मोजत बसलो होतो.

बनारसला माझा मित्र अनंत राहतो. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. बँकेच्या बदलीवर तो चार वर्षं नागपुरात होता, तेव्हा आम्ही दोघांनी ही गाडी एकाच आठवड्यात घेतली आणि मग जमेल तितका देश पालथा घातला. बनारसच्या रायडर्सपैकी एकाने नवं मॉडेल घेतलं होतं. रविवारी सगळे जमून ते चालवून बघणार, मत देणार. म्हटलं चला, आपणही चालवू आणि मग तिची सालटी काढू.

पहिला मुक्काम जबलपूर. दुसऱ्या दिवशी रीवा मागे पडलं आणि मिर्झापूरकडच्या उतारावर माझी चेन सैल पडली. हत्यारं सीटखाली आणि सीटवर बांधलेली सगळी बॅग! रस्त्याच्या कडेला बनियन, टॉवेल मांडून बसलो. एक ट्रकवाला थांबला, बघत राहिला आणि म्हणाला, "दुकान लगाए हैं का?" मला हसू आलं नाही, पण पाना त्याने धरला म्हणून काम लवकर झालं.

दर वेळी अनंत मला घ्यायला रामनगरच्या पुलापर्यंत गाडी घेऊन येतो. या वेळी पुलावर कुणी नाही. तो भेटला थेट गल्लीच्या तोंडाशी, पायी, डावा हात जाकिटाच्या खिशात. "ये विसू," म्हणाला आणि पुढे चालू लागला. गल्लीत एक सांड आडवा बसला होता, त्याची मनधरणी करण्यात पाच मिनिटं गेली, म्हणून मला काही विचारायचं सुचलं नाही.

घराच्या ड्योढीत (दारातल्या ओसरीत) त्याची गाडी उभी होती. वर जुनी चादर, चादरीवर वाळत घातलेली पायपुसणी. टायर चपटे. मी जागीच थबकलो. हा माणूस दर रविवारी गाडी धुणारा! आणि गेल्या महिन्यातच ग्रुपवर त्याने विंध्याचलच्या सफरीवर एवढं मोठं लिहिलं होतं.

"ती सफर जुनी," अनंत म्हणाला. "आता लिहायला नवीन काही नाही ना."

त्याने खिशातून हात काढला. मनगटावर लांब व्रण आणि बोटं अर्धी मिटलेली. मग त्याने सांगितलं. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर घसरला, मनगट मोडलं, शीर दुखावली. हँडल धरता येतं, पण लिव्हर ओढायला बोटांत जोर नाही. दीड वर्ष झालं होतं. दर आठवड्याला फोनवर बोलतो आम्ही! एका शब्दाने बोलला नव्हता गडी.

तो आंघोळीला गेला तेव्हा सुलभावहिनींनी मलइयो (दुधाच्या फेसाची केशर घातलेली मिठाई) पुढे ठेवली. वहिनींचं मराठी बनारसचं, निम्मं हिंदीत भिजलेलं.

"भाऊजी, एक विचारू? बुरा नका मानू. नवीन गाडी त्यांनी बुक केली होती. डॉक्टरांना पण विचारलं होतं, ते म्हणाले क्लच दाबायचा नसेल तर चालवा आरामात. कितने खुश होते! मग ग्रुपवर दुसऱ्याच नावाने विचारून बघितलं, लोकांना कशी वाटते. तुमचं उत्तर वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी बुकिंग कॅन्सल करून टाकलं. मी बोलले, भाऊजींना माहीत थोडीच आहे. तर म्हणाले, माहीत नसतानाच माणूस खरं बोलतो."

मलइयो तोंडात विरघळते म्हणतात. मी मात्र वाटी खाली ठेवली. कानशिलं तापली होती आणि समोरच्या वाटीकडे बघायचीसुद्धा लाज वाटत होती.

अनंत बाहेर आला. मी म्हटलं, "अनंता, मी मूर्ख आहे."

"ते जुनं आहे," तो म्हणाला. "उद्या येतोस ना? मी तुझ्या मागे बसेन."

मागे! नऊ वर्षांत अनंत कुणाच्या मागे बसलेला मी पाहिला नव्हता. रविवारी सकाळी बसला, उजव्या हाताने माझा खांदा धरून. रामनगरच्या बाजूला रुंद रस्त्यावर एक चहाची टपरी आहे, तीच त्या मंडळींची अडी (जमून गप्पा ठोकायची ठरलेली जागा). कचोरी, जिलबी आणि पुरव्यात (मातीच्या पेल्यात) चहा. नव्या गाडीचे मालक मिश्राजी, पोट सावरत सगळ्यांना किल्ली देत होते. रीत अशी, की एकेकाने चक्कर मारायची आणि उतरल्याबरोबर मत द्यायचं.

आणि एकेकाची काय फजिती! कुणी निघताना गचके खातोय, कुणाची थांबताना बंद पडतेय. उतरून प्रत्येकाचं एकच, "बेकार है गुरु! क्लच में गड़बड़ है."

माझी पाळी आली. मला तिची वाखाणणीच करायची होती, देवाशपथ. निघालो, दुसरा टाकला, तिसरा टाकला, लोण्यासारखी. परत येऊन ब्रेक दाबला आणि काय घडतंय ते कळायच्या आत माझ्या डाव्या हाताने लिव्हर धरला, अर्धवट सोडला. धाडकन गचका, गाडी बंद, मी सगळ्यांसमोर एका पायावर लटपटत.

"हाथ काहे लगाए गुरु?" मिश्राजी ओरडले. "हाथ लगाइएगा तो ऊ समझेगी कि आप सँभाल रहे हैं! सब लोग यही कर रहे हैं!"

गाडीत काही खोट नव्हती. खोट आमच्या वर्षानुवर्षांच्या सवयीत होती. मी उतरलो आणि किल्ली अनंतपुढे धरली. तो मागे सरकला. मंडळी बघत होती. मी त्यांना मोठ्याने सांगितलं, "याचा हात मोडलाय. आणि ग्रुपवर रिक्षा करा असं ज्याने लिहिलं, तो मी." अनंतने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता थोबाडीत देईल. मग त्याने किल्ली घेतली.

डावा तळवा त्याने हँडलवर नुसता टेकवला. ओढायला बोटांत जोर नव्हताच. गाडी निघाली ती पाण्यावरून होडी निघावी तशी. गचका नाही, धक्का नाही. पुलाकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

चक्कर पाच मिनिटांची असते. पंधरा झाली. वीस झाली. मिश्राजींचा चहा गार झाला, माझे हातपाय गार पडले. दीड वर्षाने बसलेला माणूस, मीच चढवला त्याला वर! वहिनींना काय तोंड दाखवू? मी हेल्मेट घालून शोधायला निघणार तोच तो आला. आमच्यासमोर, गिअरमध्येच, अलगद थांबला. हेल्मेटची काच वर केली तर गाल ओले.

"सीट जरा कडक है," तो मिश्राजींना म्हणाला. सगळी अडी हसून लोळली. मला मात्र हसता येईना, मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. मिर्झापूर, रीवा, तीच वाट. गाड्यांवर मतं द्यायची मला मोठी हौस. काच, सीट, इंजिनाचा आवाज, सगळ्यावर बोललो, पण विचारणारा का विचारतोय हे एकदाही विचारलं नाही. नागपुरात घरी शिरलो, बूट काढतोय तोच फोन वाजला.

"बुकिंग केलंय पुन्हा," अनंत म्हणाला. "निळा घेऊ की करडा?"

करडा अगदीच कळकट दिसतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं.

"तुला कोणता हवाय?" मी विचारलं, आणि तो सांगत होता तोवर गप्प बसून ऐकलं.